जोडी पटते ती कशामुळे?

१९१५ साली लिटन स्ट्रॅची या इंग्रज लेखकाने आपले मित्र ई. एम. फॉर्स्टर यांच्या एका अप्रकाशित कादंबरीचं हस्तलिखित वाचलं आणि त्यांना पत्र धाडलं. पत्र आपुलकीचं होतं, पण त्यातली एक शंका फॉर्स्टर यांच्या मनात कायमची रुतून बसली. कादंबरीतले दोन पुरुष शेवटी सगळं सोडून एकत्र राहायला निघून जातात. स्ट्रॅची यांना ते पटलं नव्हतं. या दोघांचं नातं कुतूहल आणि वासना एवढ्यावरच उभं आहे, ते सहा आठवड्यांपेक्षा जास्त टिकायचं नाही, असं त्यांनी कळवल्याची नोंद फॉर्स्टर यांनी १९६० मध्ये, म्हणजे पंचेचाळीस वर्षांनंतर करून ठेवली आहे. ती कादंबरी म्हणजे 'मॉरिस'. १९१३-१४ मध्ये लिहिलेली आणि लेखकाच्या निधनानंतर १९७१ मध्ये छापली गेलेली.

स्ट्रॅची स्वतः समलिंगी होते, त्यामुळे त्यांच्या आक्षेपाचा नीतिमत्तेशी संबंध नव्हता. ही दोन माणसं एकमेकांची आहेत असं पुस्तक सांगतं खरं, पण ते दिसतं का, एवढाच त्यांचा सवाल होता. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं लोटली. इंग्लंडमधला कायदा बदलला, भारतातला बदलला. दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कादंबऱ्यांना पुस्तकांच्या दुकानात जागा मिळाली आणि त्यांच्यावर निघालेल्या मालिका-चित्रपट घरोघरी पोहोचले. तरीही पुस्तक मिटताना वाचक मनाशी तोच सवाल करतो. काही जोड्या वर्षानुवर्षं आठवतात, तर काही दुसऱ्या दिवशी नावानिशीही आठवत नाहीत.

या कादंबऱ्या सलग वाचल्या की एक गोष्ट हळूहळू ध्यानात येते. जोडी पटायला देखणेपणा पुरत नाही आणि जगाचा छळही पुरत नाही. ज्या लेखकाने प्रेमाच्या कबुलीवर जेवढी मेहनत घेतली, त्याहून जास्त त्या दोघांच्या राहणीवर घेतली, त्याचीच जोडी टिकलेली दिसते. दोघांचं काम काय, पैसा कुणाच्या हातात, भांडण कशावरून होतं, कुणी कुणासाठी काय सोडलं आणि सोडल्याचं दुखणं कुठे उरलं, हे ज्या पुस्तकात कळतं, त्यातलं प्रेम खरं वाटतं.

पण बराच काळ या लेखकांना मोकळेपणाने जोडी लिहिताच येत नव्हती, हे आधी लक्षात घ्यायला हवं. १८९५ मध्ये ऑस्कर वाइल्ड यांना दोन वर्षांची सक्तमजुरी झाली, ती ज्या कायद्याखाली झाली तो 'मॉरिस' लिहिली गेली तेव्हाही जसाच्या तसा होता. नायक फासाला लटकला असता किंवा दोघांनी मिळून जीव दिला असता, तर पुस्तक छापणं सोपं गेलं असतं, असं फॉर्स्टर यांनीच म्हटलं आहे. त्यांनी शेवट सुखाचा ठेवला आणि हस्तलिखित कपाटात ठेवून दिलं. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो कायदा १९६७ मध्ये सैल झाला, फॉर्स्टर १९७० मध्ये गेले.

अमेरिकेत चित्र वेगळं नव्हतं. १९५२ मध्ये मॅरिजेन मीकर यांनी व्हिन पॅकर या टोपणनावाने 'स्प्रिंग फायर' लिहिली. दोन तरुणींच्या प्रेमाच्या या स्वस्त आवृत्तीतल्या कादंबरीचा शेवट सुखाचा करायचा नाही, ही प्रकाशकाची अट होती. टपालखात्याने पुस्तकं जप्त केली तर काय, ही त्याची धास्ती होती. त्याच वर्षी पॅट्रिशिया हायस्मिथ यांची 'द प्राइस ऑफ सॉल्ट' आली, तीही क्लेअर मॉर्गन या खोट्या नावाने. तिच्यात मात्र टेरेझ आणि कॅरल या दोघी शेवटी एकमेकींकडे परततात, आणि वाचकाला ते पटतं, कारण कॅरलने त्याची किंमत मोजलेली असते. घटस्फोटाच्या भांडणात पोटची मुलगी तिच्या हातून जाते. तो हिशेब लेखिकेने कुठेही पुसून टाकलेला नाही. पुढे १९९० मध्ये हे पुस्तक 'कॅरल' या नावाने, हायस्मिथ यांच्या खऱ्या नावासह निघालं आणि २०१५ मध्ये त्यावर चित्रपट झाला.

या सक्तीच्या शोकांतांनी वाचकांना एक खोड लावली. रडवणारी समलिंगी प्रेमकथा म्हणजे अस्सल आणि सुखात संपणारी म्हणजे स्वप्नरंजन, अशी वाटणी होऊन बसली. ती अन्यायाची आहे. मरणाने संपणारी कथासुद्धा आळसाने लिहिता येते, कारण एकाला मारून टाकलं की दोघांचं पुढे जमलं असतं का, या प्रश्नातून लेखक सुटतो. गोर विडाल यांच्या 'द सिटी अँड द पिलर' या १९४८ च्या कादंबरीत जिम नावाचा तरुण शाळेतल्या मित्राबरोबरच्या एका मुक्कामाची आठवण वर्षानुवर्षं उराशी बाळगतो. मित्र पुन्हा भेटतो आणि गोष्ट हिंसेत संपते. मूळ आवृत्तीत खून होता, १९६५ च्या आवृत्तीत विडाल यांनी तो शेवट बदलला. कोणताही शेवट घेतला तरी या दोघांची जोडी कधी होतच नाही. जिमने मित्राला ओळखलेलंच नसतं, ओळखलेली असते ती स्वतःची आठवण. विडाल यांना तेच दाखवायचं होतं. त्यांच्या अनुकरणाने लिहिणाऱ्या अनेकांनी मात्र अशा आठवणीलाच प्रेम समजून पानं भरली.

आता स्ट्रॅची यांच्या आक्षेपाकडे नीट पाहू. मॉरिस हॉल हा शेअर बाजारातला दलाल, सुखवस्तू घरातला, बुद्धीने बेताचा. केंब्रिजमध्ये त्याची क्लाइव्ह डरॅम या जमीनदाराच्या मुलाशी जवळीक होते. हे नातं बोलण्याचं, पुस्तकांचं आणि प्लेटोचं. पुढे क्लाइव्ह मागे हटतो, रीतसर लग्न करतो. मॉरिस कोलमडतो, डॉक्टर आणि संमोहनतज्ज्ञ यांचे उंबरे झिजवतो आणि शेवटी क्लाइव्हच्याच जमिनीवर शिकारीच्या रानाची राखण करणाऱ्या ॲलेक स्कडर या नोकराकडे ओढला जातो. ॲलेक शिडी लावून त्याच्या खिडकीतून आत येतो. इथवर स्ट्रॅची यांचं म्हणणं मान्य करावं लागतं, कारण दोघांना एकमेकांबद्दल जवळजवळ काहीच ठाऊक नसतं.

पुढचा प्रसंग ब्रिटिश म्युझियममध्ये घडतो. मॉरिसने पाठ फिरवली असं वाटून ॲलेकने धमकीची पत्रं पाठवलेली असतात आणि दोघं एकमेकांवर संशय घेत पुतळ्यांमधून हिंडत असतात. तेवढ्यात मॉरिसचे शाळेतले जुने मास्तर समोर येतात आणि त्याला भलत्याच नावाने हाक मारतात. मॉरिस ती चूक दुरुस्त करतो, पण सांगताना आपलं नाव स्कडर असल्याचं सांगतो. जो माणूस त्याला बदनाम करायला निघालाय, त्याचंच नाव तो चारचौघांत स्वतःला लावून घेतो. तिथून ॲलेकचा सूर बदलतो. पुढे नोकरीवर पाणी सोडायला मॉरिस तयार होतो, तेव्हा पोटापाण्याचा प्रश्न काढतो तो ॲलेक. आपलं जमणार नाही, दोघांचाही नाश होईल, असं बजावणाराही तोच. अर्जेंटिनाला जाणारं जहाज पकडायचं सोडून तो जेव्हा मागे राहतो, तेव्हा त्या दोघांचं एकत्र असणं आधीपेक्षा कितीतरी पटण्याजोगं झालेलं असतं.

फॉर्स्टर यांनी या कथेला एक उपसंहारही लिहिला होता. त्यात काही वर्षांनी मॉरिसची बहीण रानात दोन लाकूडतोड्यांना भेटते. तो त्यांनी काढून टाकला. ते दोघं रोज काय खातात, थंडीत कसं निभावतात, एकाने नोकरी सोडलीय आणि दुसऱ्याने आपली माणसं, त्याची चिडचिड कुणावर निघते, यातलं काही वाचकाला कळत नाही. या बाबतीत स्ट्रॅची बरोबर होते. शेवट सुखाचा आहे हा कादंबरीचा दोष नव्हेच. शेवटानंतरचं घर दिसत नाही, ही उणीव आहे.

घर दाखवण्यात जेम्स बाल्डविन यांचा हात धरणारा विरळा. 'जोव्हानीज रूम' १९५६ मध्ये आली. डेव्हिड हा अमेरिकी तरुण पॅरिसमध्ये जोव्हानी या इटालियन बारमनच्या प्रेमात पडतो आणि त्याच्या खोलीवर राहायला जातो. खोली लहान, अडगळीने भरलेली. बाहेरच्यांनी आत पाहू नये म्हणून काचांना पांढरं पॉलिश फासलेलं. भिंतीत पुस्तकांसाठी कोनाडा करायचा म्हणून जोव्हानी भिंत खोदतो आणि विटा लागेपर्यंत खोदत जातो. डेव्हिडसाठी तो घर करू पाहतोय, आणि डेव्हिडला त्या पडक्या भिंतीत आपल्यावर पडणारी जबाबदारी दिसते. त्याची वाग्दत्त वधू स्पेनमध्ये आहे, त्याला अमेरिकेतलं सरळ आयुष्य हवं आहे. पोलीस, कायदा, शेजारी हे सगळे इथे दूरवर उभे आहेत. जोडी मोडते ती डेव्हिडच्या भीतीमुळे, आणि म्हणूनच तिचं मोडणं इतकं लागतं. जोव्हानीने एका वस्तूतून, एका कोनाड्यातून जे मागितलं होतं, ते डेव्हिडला देता येत नाही.

ॲनी प्रू यांची 'ब्रोकबॅक माउंटन' ही दीर्घकथा १९९७ मध्ये 'द न्यू यॉर्कर'मध्ये आली, २००५ मध्ये तिच्यावर चित्रपट निघाला. इथेही अडसर आतला आहे. एनिसने लहानपणी एका माणसाचं छिन्नविच्छिन्न प्रेत पाहिलेलं असतं. आपल्या बापाने ते मुद्दाम दाखवलं होतं, हे तो आयुष्यभर विसरू शकत नाही. जॅक गेल्यावर त्याच्या कपाटात एकाच खिळ्यावर एकात एक घातलेले दोन शर्ट सापडतात. वीस वर्षांच्या चोरट्या भेटींमध्ये त्या दोघांना जेवढं घर मिळालं, ते एवढंच. अनेक वाचकांनी ही कथा सुखान्त करून लेखिकेकडे पाठवली आणि प्रू त्याने इतक्या वैतागल्या की ही कथा लिहिलीच नसती तर बरं झालं असतं, असं त्या मुलाखतीत बोलून गेल्या. वाचकांची तळमळ समजण्याजोगी आहे. पण त्या कथेत एनिसची भीती एवढ्या बारकाईने उभी केलेली आहे की तिला बाजूला सारून शेवट गोड केला, तर तो एनिस उरणारच नाही.

याउलट जमलेल्या संसाराचं चित्र क्रिस्टोफर इशरवुड यांनी १९६४ मध्ये 'अ सिंगल मॅन'मध्ये काढलं, आणि तेही एकाच्या मरणानंतर. जॉर्ज हा कॅलिफोर्नियातला प्राध्यापक, त्याचा जोडीदार जिम अपघातात गेलेला. कादंबरी एका दिवसाची. सकाळी जिना उतरताना, स्वयंपाकघराच्या अरुंद दारात, न्हाणीघरातल्या लहानशा आरशापुढे जॉर्जला जाणवत राहतं की इथे आपण दोघं वर्षानुवर्षं एकमेकांना धडकत, घाईत असताना वैतागत, वाट देत वावरलो. जिम कादंबरीत जिवंत असा फारसा येत नाही. तरी त्या दाराशी थबकलेला जॉर्ज पाहिला की त्यांच्या सहवासाबद्दल वेगळा पुरावा मागावासा वाटत नाही.

ब्रायन वॉशिंग्टन यांच्या २०२० च्या 'मेमोरियल'मध्ये हीच किमया वेगळ्या रीतीने साधली आहे. ह्यूस्टनमध्ये चार वर्षं एकत्र राहणाऱ्या बेन आणि माइक यांचं प्रेम आटत चाललंय. माइकची आई मित्सुको जपानहून येते आणि त्याच सुमारास माइक मरणपंथाला लागलेल्या बापाला भेटायला ओसाकाला निघून जातो. घरात उरतात बेन आणि जवळजवळ अनोळखी अशी 'सासू'. ती स्वयंपाक करते, तो पाहतो, हळूहळू शिकतो. दोघं प्रेमिक हजारो मैल दूर असताना त्यांच्या नात्याची वीण या स्वयंपाकघरात दिसते. ते पुढे एकत्र राहतील की नाही, याचा निकाल लेखक शेवटपर्यंत सोपा करत नाही, तरी ते एकमेकांचे कोण आहेत याबद्दल शंका राहत नाही.

आतापर्यंतची पुस्तकं साहित्यिक म्हणून गाजलेली. रोमान्स कादंबरीचा रस्ता निराळा आहे. तिथे प्रेम हाच गाभा आणि शेवट आशेचा, हा वाचकाशी केलेला करारच असतो. दोन पुरुषांच्या प्रेमाचा हा प्रवाह अनेक ओहोळांतून वाढला. १९७० च्या दशकात 'स्टार ट्रेक'च्या चाहत्या कर्क आणि स्पॉक यांच्या प्रेमाच्या कथा लिहून आपापसांत वाटू लागल्या. त्याच दशकात जपानमध्ये मोतो हागिओ आणि केइको ताकेमिया या चित्रकथाकार स्त्रियांनी मुलांमधल्या प्रेमाच्या चित्रकथा रेखाटल्या, त्यांतून पुढे तिथला 'बॉइज लव्ह' हा प्रकार फोफावला. चीनमध्ये इंटरनेटवर अशा कादंबऱ्यांचा स्वतंत्र प्रकार तयार झाला, थायलंडमध्ये मालिका निघाल्या. इंग्रजीत आधी लहान प्रकाशक आणि ई-बुकं, मग मोठे प्रकाशक असा क्रम लागला.

शेवट ठरलेला असल्यामुळे या प्रकारात लेखकाचा कस मधल्या पानांत लागतो. के. जे. चार्ल्स यांची 'अ सेडिशस अफेअर' ही २०१५ ची कादंबरी त्याचा उत्तम दाखला. काळ १८१९-२०, जागा लंडन. सायलस मेसन हा सरकारविरोधी पत्रकं छापणारा पुस्तकविक्रेता आणि डॉमिनिक फ्रे हा गृहखात्यातला सरकारनिष्ठ अधिकारी दर बुधवारी नावं न सांगता भेटतात. भेट शरीरासाठी ठरलेली, पण नंतर वाइन घेत दोघं पुस्तकांवर वाद घालत बसतात. एके दिवशी डॉमिनिक ज्या दुकानावर छापा घालायला जातो, ते सायलसचं निघतं. यातल्या कोणाचंही मत लेखिका प्रेमासाठी बदलून टाकत नाही. सायलस क्रांतिकारक राहतो, डॉमिनिक राजनिष्ठ. मंत्रिमंडळाच्या हत्येचा जो खरा कट फेब्रुवारी १८२० मध्ये केटो स्ट्रीटवर उघडकीला आला, तो गोष्टीत आला की दोघांच्या निष्ठेची खरी कसोटी लागते. एकमेकांशी भांडायला जे उत्सुक असतात आणि भांडून झाल्यावर पुढच्या बुधवारची वाट पाहतात, त्यांचं पटतं यावर विश्वास ठेवायला वाचकाला कष्ट पडत नाहीत.

रेचल रीड यांच्या 'हीटेड रायव्हलरी' (२०१९) या आइस हॉकीवरच्या कादंबरीचं यश याच अंगाने समजून घ्यायला हवं. २०२५ च्या अखेरीस कॅनडात तिच्यावरची मालिका आली आणि पुस्तक जगभर पोहोचलं. शेन हॉलंडर आणि इल्या रोझानोव्ह हे दोन प्रतिस्पर्धी संघांचे तारे, वर्षानुवर्षं हॉटेलच्या खोल्यांमध्ये लपूनछपून भेटतात. शरीरसंबंधांची वर्णनं भरपूर आणि उघड आहेत. पण कथा पुढे सरकते ती एका साध्या प्रसंगाने. इल्या आपल्या घरी शेनसाठी ट्यूना घातलेलं सँडविच भाजतो, आडनावाने हाका मारणारे हे दोघं पहिल्यांदा एकमेकांचं नाव घेतात आणि शेन घाबरून तिथून पळ काढतो. शरीराने इतकी वर्षं जवळ असलेल्या माणसाला सँडविच आणि नाव एवढ्याने धडकी भरते, हे वाचून त्याला वाटणारं प्रेम किती खोल आहे ते कळतं. शेवटही मोघम नाही. इल्याने ऑटवाच्या संघाकडून खेळायचं, दोघांनी मिळून एक सेवाभावी संस्था काढायची, म्हणजे त्यांचं एकत्र दिसणं लोकांना खटकणार नाही, अशी चक्क योजना ते बसून ठरवतात. ती योजना किती पेलते, हे लेखिकेने २०२२ च्या 'द लाँग गेम'मध्ये तपासून पाहिलं.

शरीरसंबंधांच्या प्रसंगांबद्दल वाचकांत कायम दोन तट असतात. काहींना ते नकोसे वाटतात, काही पुस्तक त्यासाठीच उघडतात. चांगली कादंबरी दोघांनाही एकच गोष्ट देते. अशा प्रत्येक प्रसंगानंतर दोघांमधलं काहीतरी बदललेलं असतं, कुणी काही कबूल केलेलं असतं किंवा कुणी मागे सरलेलं असतं. तसं नसेल तर ती पानं गाळली तरी काही बिघडत नाही, आणि चाणाक्ष वाचक ती गाळतोच.

केसी मॅक्विस्टन यांच्या 'रेड, व्हाइट अँड रॉयल ब्लू' (२०१९) मध्ये अमेरिकी राष्ट्राध्यक्ष बाईंचा मुलगा आणि ब्रिटिश राजपुत्र यांचं प्रेम आहे. त्यांची ई-पत्रं वाचताना दोघं खरेखुरे भासतात, कारण दोघांची लिहिण्याची ढब वेगळी आहे. एक उतावळा आणि बडबडा, दुसरा जपून बोलणारा आणि आतून खचलेला. पण जग त्यांच्यापुढे फार लवकर नमतं. राजवाडा आणि निवडणूक दोन्ही त्यांच्या बाजूने वळतात, तिथे जोडीवरचा विश्वास टिकतो आणि जगावरचा ढळतो. ॲलिस विन यांच्या 'इन मेमोरियम' (२०२३) मध्ये पहिल्या महायुद्धातून परतलेला एलवूड एक डोळा गमावून, कडवट होऊन बसतो आणि त्याच्यावर प्रेम करणाऱ्या गाँटला त्या कडवटपणासकट त्याच्याजवळ राहायचं असतं. तिथे सुख थोडंच आहे, पण ते पटतं.

बरोबरीचा प्रश्न याहून नाजूक आहे. फॉर्स्टर १९२१ मध्ये मराठा घराण्याच्या देवास थोरली पाती संस्थानात तुकोजीराव पवार महाराजांचे खासगी चिटणीस होते. त्या मुक्कामावर 'द हिल ऑफ देवी' हे पुस्तक त्यांनी १९५३ मध्ये छापलं. पण राजवाड्यातल्या एका नोकराशी आलेल्या संबंधांबद्दलचा मजकूर त्यात घातला नाही. तो त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी स्वतःच्या वागण्यातला मालकी हक्क आणि क्रौर्य लपवलेलं नाही. मॉरिस आणि ॲलेक यांच्यातली मालक-नोकराची दरी कादंबरीत प्रेमाने ओलांडली. देवासमध्ये ती ओलांडली गेली नाही, आणि हे लिहून ठेवण्याचा प्रामाणिकपणा लेखकाकडे होता.

मुंबईच्या संदर्भात हीच दरी आर. राज राव यांनी 'द बॉयफ्रेंड' (२००३) मध्ये जातीसकट मांडली. राव पुणे विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. त्यांचा युदी हा चाळिशीतला, इंग्रजीत लिहिणारा, उच्चवर्णीय पत्रकार. मिलिंद हा दलित तरुण त्याला चर्चगेट स्टेशनवर भेटतो. मुंबईतल्या १९९२-९३ च्या दंगलींची पार्श्वभूमी आहे. युदीला आपलं प्रेम जातपात मानत नाही असं मनापासून वाटतं, आणि मिलिंदला प्रत्येक भेटीत ती जाणवते, बोलण्यात, पैशात, कुणाला वाट पाहायला लागते त्यात. पुढे मिलिंदचं लग्न होतं. ही जोडी पटते ती राव तिला गोंडस करत नाहीत म्हणून. युदीचा चांगुलपणा खरा आहे आणि त्याचं आंधळेपणही खरं आहे.

कोणी लिहावं, हाही वाद जुनाच. दोन पुरुषांच्या प्रेमकथा लिहिणाऱ्यांत आणि वाचणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. अमेरिकेतल्या लॅम्डा साहित्य पुरस्कारांनी २००९ मध्ये पुरस्कार समलिंगी आणि तत्सम लेखकांपुरतेच मर्यादित केले, आणि वादानंतर २०११ मध्ये बहुतेक गटांतली ती अट काढून टाकली. 'द चॅरियटियर' (१९५३) लिहिणाऱ्या मेरी रेनॉल्ट या आयुष्यभर एका स्त्रीबरोबर राहिल्या, आणि त्यांनी लिहिलेल्या पुरुषांच्या प्रेमकथा समलिंगी पुरुषांनी पिढ्यानपिढ्या आपल्या मानल्या. लेखकाची ओळख विचारण्यापेक्षा पुस्तकातली त्याची मेहनत तपासणं अधिक फलदायी ठरतं. दोघांतला एक पुरुष नुसताच 'नवरा' आणि दुसरा नुसताच 'बायको' होऊन बसला असेल, दोघांना मित्र, नातेवाईक, नोकरी, सर्दी-खोकला काहीच नसेल, तर लेखक कुणीही असला तरी जोडी कागदीच राहते.

मराठीत या विषयाचं सर्वांत महत्त्वाचं ललित पुस्तक म्हणजे सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' (२००६). जेरी पिंटो यांनी २०१३ मध्ये तिचा इंग्रजी अनुवाद केला, आणि कुंडलकर यांनीच दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. पुण्यातल्या एका मध्यमवर्गीय घरात पेइंग गेस्ट म्हणून आलेल्या तरुणावर तनय आणि त्याची बहीण अनुजा दोघंही जीव लावतात आणि तो दोघांनाही सोडून जातो. आधी तनयचं निवेदन, मग अनुजाचं. त्या तरुणाला नाव नाही, मागचंपुढचं काही नाही. तनयचं प्रेम शब्दाशब्दातून जाणवतं, घरातली भांडी, अंगण, आईबाबांचं न बोलणं सगळं जागच्या जागी आहे. पण समोरचा माणूस रिकामा ठेवलेला आहे. वियोगाच्या कादंबरीला ते साजेसंच आहे.

याआधी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला विजय तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट' या नाटकाने एका तरुणीचं दुसरीवरचं प्रेम मराठी रंगभूमीवर आणलं, आणि तिची गोष्ट मरणाने संपली. पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू करणारे बिंदुमाधव खिरे यांनी 'पार्टनर' ही कादंबरी लिहिली. तिचा भर समलिंगी तरुणाने स्वतःला ओळखण्यावर आणि घरच्यांना सांगण्यावर आहे. या पुस्तकांनी दार उघडलं. एकट्या माणसाची घुसमट, तुटलेलं प्रेम, घरच्यांना सांगण्याचा प्रसंग हे मराठीत आलं आहे. आता मराठीला संसाराची कादंबरी हवी आहे.

तिच्यासाठी सामग्री भोवताली आहे. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने दोन प्रौढांचे संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयाने लग्नाचा हक्क नाकारला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थखात्याने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी नेमायला आडकाठी नाही. म्हणजे पासबुकावर दोघांची नावं येऊ शकतात, लग्नाच्या दाखल्यावर नाही. भाड्याचं घर पाहायला गेल्यावर मालकाला काय सांगायचं, दवाखान्यात भरतीच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात काय लिहायचं, गणपतीला गावी एकट्याने जायचं की दोघांनी, आजारी आईला कोण आणून ठेवणार, इतक्या प्रश्नांतून जाणारी जोडी कादंबरीकाराला शोधावी लागणार नाही. मराठी लेखकांनी ती लिहावी आणि प्रकाशकांनी तिला 'धाडसी विषय' असा शिक्का न मारता छापावं.

तोवर ज्यांना वाचायला सुरुवात करायची आहे त्यांनी 'कोबाल्ट ब्लू' आधी वाचावी, मग 'जोव्हानीज रूम' आणि 'अ सिंगल मॅन'. दोन्ही आकाराने लहान आहेत. सुखाचा शेवट हवा असेल तर 'अ सेडिशस अफेअर' घ्यावी. 'मॉरिस' मात्र या सगळ्यांनंतर वाचावी. त्या दोघांनी रानातले दिवस कसे काढले असतील, याचा अंदाज तोवर वाचकाला स्वतःच बांधता येईल.